हाय स्टॉल

मराठीच्या प्राध्यापकाला लोक आयुष्यभर काय काय विचारतात याची एक यादी मी मनाशी करून ठेवली आहे. ‘आशीर्वाद’मधला ‘शी’ पहिला की दुसरा, हा त्यातला पहिला प्रश्न. लग्नपत्रिकेचा मजकूर जरा डोळ्यांखालून घालता का, हा दुसरा. आणि मराठीत एम. ए. करून पुढे काय, हा तिसरा. तो विद्यार्थ्यांचे वडील विचारतात, आणि महिनाअखेर जवळ आली की आमची सौभाग्यवतीही विचारते. वीस-बावीस वर्षे एवढ्या भांडवलावर माझे ठीक चालले होते. पण गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जूनमध्ये, एका सकाळी सात वाजता अमेरिकेहून भाचेबुवांचा फोन आला. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळले.

“मामा, हाय स्टॉल घ्यायचा म्हणतोय. किती घेऊ? अडीच हजारांचा की साडेतीन हजारांचा?”

हातात चहाचा कप, दारात दूधवाला. माझ्या डोळ्यांपुढे रंकाळ्याच्या काठावरचे भेळेचे स्टॉल उभे राहिले. पोराने नोकरी सोडून तिकडे वडापाव काढायचे ठरवले असावे, असे मला वाटले. मी म्हटले, “हे बघ, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल, पण जागा उंचावरचीच घे. पावसाचे पाणी आत शिरायला नको.” २०१९ आणि २०२१ चे महापूर डोळ्यांनी पाहिलेला कोल्हापूरकर दुसरा कोणता सल्ला देणार?

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग भाचेबुवा इतके हसले, इतके हसले, की मलाच ओशाळल्यासारखे झाले. आणि लगेच जाणवले, की या पोराला असे मोकळे हसताना मी तीन वर्षांत ऐकले नव्हते.

ही तीन वर्षे कोणती, ते आधी सांगायला हवे.

आमची अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. दाजींचा उद्यमनगरात छोटा कारखाना होता. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसे, आणि बाहेर ऑईल इंजिनांच्या सुट्या भागांचा ढीग. कोल्हापूरचे उद्यमनगर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो : वस्तू पाहायची आणि तशीच करून द्यायची, ही तिथली जुनी विद्या. दाजी त्याच विद्येतले. दर दसऱ्याला ते पोराला खांद्यावर घेऊन दसरा चौकात जायचे. सोने लुटण्यापेक्षा छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक गाडी पाहण्यात बापलेकांना अधिक रस. गाडी समोरून गेली की दाजी डोळे मिटत आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाची तब्येत सांगत. कारखान्यातल्या भिंतीवर एका अमेरिकन गाडीचे चित्र असलेले जुने कॅलेंडर होते. त्यातले साल कधीच उलटून गेले होते, पण चित्र खाली उतरले नाही.

पोरगा शिकला, अमेरिकेला गेला आणि डेट्रॉइटजवळ मोटारींच्या धंद्यातच नोकरीला लागला. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दाजी गेले. पोराला येता आले नाही. बापाचे शेवटचे दर्शन त्याने फोनच्या वीतभर काचेतून घेतले, आणि तो फोन हातात मी धरला होता. त्यानंतर मायलेकांचे बोलणे दर रविवारी होई. पण ते ‘जेवलास का’, ‘थंडी आहे का’ आणि ‘गोळ्या घेतेस ना’ या तीन वाक्यांच्या पुढे सरकत नसे. तो म्हणायचा, “आई, इकडे ये.” ती म्हणायची, “बघू.” मराठीत ‘बघू’ या क्रियापदाचा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे मी तुम्हांला सांगायला नको.

तर असे हे भाचेबुवा. त्यांनी २०२३ मध्ये एक जुनी गाडी विकत घेतली होती : १९७० सालची शेवरोले नोव्हा, पावणेसहा लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, तीन वेगांचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स. आधीच्या मालकाने हौसेने आतला कॅमशाफ्ट बदलला होता. त्यामुळे गाडी वरच्या वेगात वाघासारखी डरकाळी फोडायची, पण सिग्नलला थांबली की गुदमरायची आणि कधीकधी बंदच पडायची. यावर इलाज म्हणजे हा हाय स्टॉल. भाचेबुवांच्या एका मित्राने साडेतीन हजारांचा बसवला होता, म्हणून यांनाही तोच हवा होता.

“पण मला कशाला विचारतोस बाबा? मला सायकलची चेन चढवता येत नाही.”

जरा थांबून तो म्हणाला, “तुम्हांला नाही विचारत, मामा. बाबा असते तर काय म्हणाले असते, ते कुणाला विचारू?”

यावर मी काय बोलणार? त्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर मी उद्यमनगरात गेलो. दाजींच्या हाताखाली तीस वर्षे काढलेले मिस्त्री अजून तिथेच आहेत. आता ते पोरांना काम शिकवतात आणि दमलेल्या यंत्रांची नाडी पाहतात. मी कागदावर लिहून नेलेला प्रश्न वाचून दाखवला. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला.

“सर, टॉर्क कन्व्हर्टर तुम्ही रोज बगता की. चला, दावतो.”

कोपऱ्यावर रस्त्याचे काम चालले होते. जेसीबी खडीच्या ढिगात तोंड खुपसून जोर लावत होता. इंजिन गुरगुरत होते, पण चाके जागची हलत नव्हती. आणि तरीही इंजिन बंद पडत नव्हते.

“आता बगा,” मिस्त्री म्हणाले, “चाक थांबलंय, इंजान फिरतंय. आपल्या गिअरच्या गाडीचं क्लच न दाबता चाक अडवलं तर काय हुईल? आचका दिऊन बंद पडंल. ह्येचं पडत न्हाई. कशापायी? मधी त्याल हाय. चाक पार अडलं आन् इंजान पुऱ्या जोरात, तवा इंजान ज्या फेऱ्यावर जाऊन थांबतं, त्यो त्येचा स्टॉल. खासबागेत दोन पैलवान मानंला मान लावून रेटत्यात, कुणी हालत न्हाई, पर दोगांचा घाम निथळतोय, तसं.”

मग चहा पिता पिता त्यांनी मला सगळे शास्त्र सांगितले. ते मी माझ्या भाषेत तुम्हांला सांगतो. चूक आढळली तर ती माझी समजावी, मिस्त्रींची नव्हे.

टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही हळूहळू फिरू लागतो. आता वाऱ्याच्या जागी तेल घाला आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा. एक पंखा इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. मधे लोखंडाचा सांधा नाही, सगळा व्यवहार तेलामार्फत. या दोघांच्या मधे तिसरे एक छोटे पातेदार चक्र असते. दुसऱ्या पंख्यावरून परतणारे तेल पहिल्याच्या विरोधात जाऊ न देता ते त्याची दिशा वळवते. त्यामुळे गाडी हलण्याच्या क्षणी इंजिनाची पिळण्याची ताकद जवळजवळ दुप्पट होऊन पुढे पोचते. दोन्ही पंख्यांचा वेग जुळत आला की ही दुप्पट कमी होत होत संपते, आणि मधले चक्र सोबत मुकाट्याने फिरू लागते. हर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन एंजिनिअरने १९०५ मध्ये ही युक्ती काढली ती मोटारीसाठी नव्हे, जहाजांसाठी. वाफेचे टर्बाइन फार जलद फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरायला हवा, म्हणून त्याने या दोघांत तेलाचा मध्यस्थ घातला. पुढे अमेरिकेत १९४८ मध्ये ब्यूइकने तो मोटारीत आणला, आणि बायकापोरांना क्लचच्या जाचातून सोडवले.

आता ‘हाय’चा खुलासा. कंपनीच्या साध्या कन्व्हर्टरचा स्टॉल साधारण दीड हजार ते एकोणीसशे फेऱ्यांचा असतो. साध्या इंजिनाला तो बरोबर पुरतो, कारण ते खालच्या फेऱ्यांतच जोर देते. पण कॅमशाफ्ट बदलला की झडपा अधिक वेळ उघड्या राहतात, इंजिनाचा जोर वर सरकतो आणि खाली ते दुबळे होते. अशा इंजिनाला साधा कन्व्हर्टर लावणे म्हणजे उशिरा उठणाऱ्या माणसाला काकड आरतीला बसवणे. हाय स्टॉलचा कन्व्हर्टर आकाराने लहान असतो. बारा इंचांऐवजी अकरा, दहा किंवा त्याहूनही कमी. त्याच्या पात्यांचा कोनही वेगळा. तो इंजिनाला आधी आपल्या जोमाच्या फेऱ्यांपर्यंत चढू देतो, आणि मग गाडीचा भार अंगावर घालतो.

“मग साडेतीन हजारांचा काय वाईट?” मी विचारले.

“वाईट न्हाई. पर कुणासाटी?” मिस्त्रींनी खडू काढला आणि फरशीवर लिहायला बसले. “इचारा पोराला. गाडीचं वजन किती? मागच्या अ‍ॅक्सलचं गिअर किती? टायर किती उंच? कॅम कुठल्या फेऱ्याला उटतो? आन् मागं कोन बसनार?”

मी तिथूनच फोन लावला. डेट्रॉइटला सकाळ होती. उत्तरे आली : वजन दीड टन, मागचा गिअर ३.०८, टायर २६ इंच, कॅमचा जोर दोन हजारांच्या पुढे सुरू होतो आणि शिखर साडेतीन हजारांच्या आसपास. शेवटच्या प्रश्नाला मात्र उत्तर आले नाही. “मागे? मागे कोण बसणार आहे, मामा!” एवढेच तो म्हणाला.

मिस्त्रींनी हिशेब मांडला. टायरचा घेर दोन मीटर सात सेंटिमीटर. हमरस्त्यावर ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला सुमारे सोळाशे मीटर, म्हणजे चाकाचे ७७५ फेरे. गुणिले ३.०८. इंजिनाचे फेरे जवळजवळ २४००.

“हितंच सगळं आलं,” त्यांनी चोवीसशेखाली रेघ मारली. “गाडी हायवेला चोवीसशेवर पळनार. साडेतीन हजारांचा घातला तर तेल नीट पकड धरायच्या आदीच त्येचा परवास संपला. हलक्या पावलानं येवढं घसरनार न्हाई. पर चढ आला, चार मानसं बसली, की घसरलंच. घसरलं की त्याल तापलं. त्याल तापलं की गिअरबॉक्स ग्येला.” तेलाचा कारखान्यातला जुना आडाखाही त्यांनी सांगितला : ऐंशी अंशांच्या आत तेल सुखात असते, त्यावर दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. “आता ह्ये टाळायचं तर मागचा गिअर बदला, ३.७३ चा घाला. मग त्याच वेगाला फेरे एकोणतीसशे. प्येट्रोल वाढलं, आवाज वाढला. म्हंजे एका हौशेपायी दुसरी हौस, दुसरीपायी तिसरी.”

हे ऐकताना मला आमच्या घरातला नवा सोफा आठवला. सोफ्यासाठी पडदे, पडद्यांसाठी रंग, रंगासाठी कर्ज. हा कन्व्हर्टर आमच्याही घरी फिरून गेला होता तर!

आणखी एक गंमत मिस्त्रींनी सांगितली. खोक्यावर छापलेला आकडा म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. तोच कन्व्हर्टर जोरदार इंजिनामागे लावला तर स्टॉल वर जातो आणि मवाळ इंजिनामागे लावला तर खाली येतो. म्हणून मित्राच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीत तसाच उतरेल असे मानू नये. विकणाऱ्याला आपल्या गाडीची सगळी हकिकत सांगावी आणि मग त्याने सुचवलेला घ्यावा. घेतल्यावर ब्रेक दाबून, पुरा जोर लावून त्याची परीक्षा पाहण्याचा मोह झालाच, तर ती चार-पाच सेकंदांत उरकावी. त्यापुढे तेल उकळते.

इथे कुणी तरुण वाचक उठून माझ्या पत्त्याची चौकशी करण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे गाडीच्या मूळ बांधणीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत तसा निकाल दिलेला आहे. तेव्हा हा सगळा उपदेश मिशिगनचा, कळंब्याचा नव्हे.

रात्री मी भाच्याला सगळा हिशेब सांगितला. तो मुकाट्याने ऐकत होता. मी म्हटले, “मिस्त्री म्हणतात, चोवीसशे ते सव्वीसशेच्या दरम्यानचा घे. कॅम दोन हजारांना उठतो, त्याच्या थोडे पुढे. शिखराच्या पुष्कळ खाली. हायवेच्या फेऱ्यांच्या जवळपास. आणि रेडिएटरपुढे तेल गार करणारी एक वेगळी जाळी बसव. मागचा गिअर आहे तोच ठेव.”

“मित्र हसतील,” तो म्हणाला.

“हसू देत. मिस्त्रींचा शेवटचा प्रश्न राहिलाय. मागे कोण बसणार?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “बाबांच्या कारखान्यातल्या कॅलेंडरवर अशीच गाडी होती, मामा. त्यांना बसवायची होती. ते राहिलं. आता आईला बसवीन म्हणतो. पण ती ‘बघू’ म्हणते.”

“मग तसे तिला सांग ना.”

“कसं सांगू? बाबांच्या वेळी आलो नाही तो मी. आता गाडीत बसायला ये म्हणू?”

म्हणजे गेली तीन वर्षे या पोराचे इंजिन पुऱ्या जोराने फिरत होते, आणि चाक जागचे हलले नव्हते. तिकडे अक्काचेही तेच. दोन पैलवान मानेला मान लावून उभे, आणि घाम तेवढा निथळतोय.

दुसऱ्या दिवशी मी राजारामपुरीत अक्काकडे गेलो. ती निवडणे करत बसली होती. मी मिस्त्रींचा हिशेब, ७७५ फेरे, चोवीसशे, सगळे तिला सांगितले. ती तांदळातले खडे वेचत ऐकत होती. शेवटी मी कॅलेंडरचे सांगितले. तिचा हात थांबला.

“ते कॅलेंडर त्याला आठवतं?”

“त्याने तीच गाडी घेतलीय, अक्का.”

ती उठली आणि आत गेली. बऱ्याच वेळाने परत आली ती पासपोर्टला कोणते कागद लागतात ते विचारत. डोळे लाल होते, पण मी काही विचारले नाही. चाक हलायला लागले की इंजिनाकडे पाहू नये, एवढे मलाही आता कळते.

पासपोर्ट, व्हिसा, गुडघ्याचे डॉक्टर, लोणच्याच्या बरण्या यांत वर्ष गेले. यंदा, २०२५ च्या जुलैत, अक्का डेट्रॉइटला पोचली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. १९९५ मध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला सुरू झालेली ही रपेट आता दुरून दुरून गाड्या ओढून आणते. त्या जत्रेत आमची अक्का नऊवारी नेसून नोव्हाच्या मागच्या सीटवर बसली. पुढे बसायला तिने साफ नकार दिला. “पुढची जागा ह्यांची,” म्हणाली. भाच्याने पुढच्या सीटवर दाजींचा फोटो ठेवला.

त्या रात्री दोघांचा एकत्र फोन आला. मी धडधडत्या काळजाने विचारले, “अक्का, गाडी कशी आहे?”

“बरी आहे रे. थांबली तर बंद पडत नाही. आणि निघताना धक्का देत नाही.”

मोटारींच्या शहरातल्या चार तज्ज्ञांनी मिळूनही यापेक्षा नेमके परीक्षण लिहिले नसते. मी ते तसेच्या तसे मिस्त्रींना जाऊन सांगितले. ते कुणाचे तरी पिस्टन तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “मालकांनी बी चोवीसशेच सांगितला असता.” आणि मग बराच वेळ त्यांनी मान वर केलीच नाही.

वाचकहो, दिवाळीत घरी माणसे येतील. काही बोलतील, काही नुसतीच गुरगुरतील. एखाद्याचे चाक जागचे हलत नाही असे दिसले, तर त्याला मागून ढकलू नका. मधे थोडे तेल आहे का, तेवढे पाहा. आणि तेल नसेलच, तर चकलीची बशी पुढे करा. आमच्या कोल्हापुरात त्यानेही काम भागते.